मत्स्यशेतीतील वाढ व जगणूक : कोल्हापूर जिल्हा

तळ्यात सोडलेल्या मासळीपैकी किंवा कोळंबीपैकी शेकडा किती नग काढणीपर्यंत टिकले, ती जगणूक. आणि त्या काळात एका नगाचे वजन किती भरले, ती वाढ. तळ्याचे उत्पन्न या दोन आकड्यांच्या गुणाकारातून येते. कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात ‘टनेज’ हा शब्द घरोघरी बोलला जातो. खताचा डोस वाढवला की टनेज वाढते, या अनुभवावर पोसलेला शेतकरी तळ्याकडे वळला की त्याचा पहिला कल खाद्य वाढवण्याकडे असतो. तळ्यात हा हिशेब उलटतो. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते, पाणी नासते. आधी वाढ खुंटते आणि मग मासे मरू लागतात. उसाला पाणी दिले जाते, माशाला मात्र पाणी हेच रान असते.

समजा, एक हेक्टर तळ्यात १०,००० बारीक बोटुकल्या (माशांची बोटभर पिल्ले) सोडल्या, त्यांतल्या ४० टक्के जगल्या आणि दाटीमुळे सरासरी वजन ६०० ग्रॅमवर अडकले; उत्पन्न २,४०० किलो. त्याच तळ्यात निम्म्या, पण मोठ्या बोटुकल्या सोडल्या, ८० टक्के जगल्या आणि किलोकिलोच्या झाल्या, तर ४,००० किलो. दुसऱ्या हिशेबात बीज निम्मे लागले आणि खाद्यही वाया गेले नाही. बीज ‘जरा जास्तच टाकू, मरतूक धरून’ ही सवय जिल्ह्यात फार पसरलेली आहे. मरतूक आधीच गृहीत धरली की ती कमी करण्याचे प्रयत्न थांबतात, हा तिचा खरा तोटा.

बीज आणि पहिले पंधरा-वीस दिवस

कटला, रोहू आणि मृगळ हे आपले प्रमुख कार्प मासे वाहत्या नदीत, पावसाच्या लोंढ्यात अंडी घालतात; साचलेल्या तळ्यात ते मोठे होतात, पण विणत नाहीत. त्यामुळे पूर्वी नदीतून बीज गोळा करावे लागे आणि त्यात नको ते मासेही येत. १० जुलै १९५७ रोजी कटक येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्या मेंदूलगतच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्पचे प्रजनन घडवून आणले. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. खात्रीचे, एकजातीचे बीज मिळण्याचा मार्ग तिथून मोकळा झाला.

अंड्यातून निघालेले पिल्लू तीन दिवस पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगते. ती संपली की उरते ते ५ ते ८ मिलिमीटरचे मत्स्यजिरे. संगोपन तळ्यात त्याचे २० ते २५ मिलिमीटरचे मत्स्यबीज होते आणि पुढे दोन-तीन महिन्यांत बोटभर लांबीची बोटुकली. मातीच्या तळ्यात जिऱ्यापासून बीजापर्यंत साधारण ३० ते ५० टक्के आणि बीजापासून बोटुकलीपर्यंत ६० ते ७० टक्के जगणूक धरली जाते. म्हणजे एक लाख जिऱ्यांतून २५-२६ हजार बोटुकल्या हाती आल्या तर काम चांगले झाले म्हणायचे. सर्वांत मोठी गळती पहिल्या पंधरा-वीस दिवसांत होते आणि तिची कारणे जिरे तळ्यात पडण्याआधीच तयार असतात.

पहिले कारण तळ्यातले जुने मासे. मरळ, शिंगटी, चिलापी यांतले काही मागे राहिले तर जिरे त्यांच्या पोटात जाते. तळे आटवून उन्हात भेगाळू देणे हा सर्वांत स्वच्छ उपाय. ते शक्य नसेल तर मीटरभर खोल पाण्याला हेक्टरी सुमारे २,५०० किलो मोहाची पेंड टाकतात. तिच्यातल्या सॅपोनिनने मासे मरतात, पंधरा-वीस दिवसांत विष ओसरते आणि तीच पेंड खत होऊन पाण्यात प्लवंग (माशांचे खाद्य असलेले सूक्ष्म जीव) वाढवते. कीटकनाशकाची बाटली ओतणाऱ्याने हा फरक लक्षात घ्यायला हवा. औषध तळाच्या गाळात साचून राहते, पेंड तळ्याला काही देऊन जाते.

दुसरे कारण पाणकिडे. चतुराच्या अळ्या जिरे पकडून खातात आणि उताणे पोहणारे किडे त्याचा रस शोषतात. जिरे सोडण्याच्या आदल्या दिवशी, वारा पडलेला असताना, साबण आणि खाद्यतेल एकत्र घोटून पाण्यावर पसरतात. त्या तवंगामुळे श्वासासाठी वर येणारे किडे गुदमरतात. वारा असेल तर तवंग एका काठाला जाऊन बसतो आणि सगळी मेहनत फुकट जाते.

तिसरे कारण प्रवास. बीज बऱ्याचदा दुरून, अगदी बंगालमधूनही, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून येते. पॅकिंगआधी ते दिवसभर उपाशी ठेवलेले नसेल तर त्याच्याच विष्ठेने पिशवीतले पाणी खराब होते. तळ्यावर पोहोचल्यावर पिशव्या बंदच ठेवून १५-२० मिनिटे पाण्यावर तरंगू द्याव्यात, मग थोडे थोडे तळ्याचे पाणी आत घ्यावे आणि पिल्ले आपणहून बाहेर पडू द्यावीत. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची असावी. पिशवी फोडून भर उन्हात बीज ओतले तर ते त्या दिवशी पोहताना दिसते, पण पुढच्या दोन-तीन दिवसांत तळाशी मरून पडते. ते वर तरंगतच नाही, म्हणून मालकाला कळतही नाही.

आंध्रात कोल्लेरू सरोवराच्या परिसरात रुळलेली एक पद्धत कोल्हापूरला फार सोयीची आहे. बोटुकल्या वर्षभर दाटीत आणि कमी खाद्यावर मुद्दाम खुंटवून ठेवतात. मोकळ्या तळ्यात गेल्यावर हे मासे राहिलेली वाढ झपाट्याने भरून काढतात, आणि आकाराने मोठे असल्याने पक्ष्यांच्या व भक्षक माशांच्या तावडीत सहज सापडत नाहीत. इथे बीज मिळते जुलै-ऑगस्टमध्ये, आणि नेमके तेव्हाच पुराचे भय असते. गेल्या वर्षीची खुंटवलेली बोटुकली हाताशी असेल तर पूर ओसरल्यावर, सप्टेंबरात, निर्धास्त साठवणूक करता येते.

वाणाचाही वाटा आहे. भुवनेश्वरजवळ कौशल्यगंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने नॉर्वेच्या संशोधकांसोबत निवड पद्धतीने ‘जयंती रोहू’ तयार केला. त्यात वाढीचा वेग पिढीगणिक सुमारे १७ टक्क्यांनी सुधारत गेला. याउलट, लहान हॅचरीत त्याच त्या नर-मादीची पिढ्यानपिढ्या वीण घेतली तर सगोत्र संकराने वाढ मंदावते आणि पिल्लांत व्यंगे दिसू लागतात. बीज घेताना दराआधी ‘जनक मासे कुठले?’ हा प्रश्न विचारावा.

पहाटेचे पाणी

माशाला लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर विरघळलेला प्राणवायू असला की तो नीट खातो आणि वाढतो. ३ च्या खाली तो खाणे टाकतो. ३० अंश तापमानाच्या पाण्यात प्राणवायू मुळात साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो, म्हणजे हाताशी असलेली शिल्लक थोडकी. दिवसा हिरवे शेवाळ प्राणवायू तयार करते. रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ मिळून तो वापरतात. सूर्योदयापूर्वीचा तास म्हणूनच सर्वांत अवघड. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे वासू लागले की प्राणवायू संपत आल्याची ती खूण. श्रावणात चार दिवस ऊन पडले नाही तर ही वेळ हमखास येते. अशा दिवशी खाद्य बंद ठेवावे आणि पंपाने पाणी उंचावरून तळ्यातच पाडावे. ज्याने दिवे लागणीनंतर कधी तळे पाहिलेच नाही, त्याला आपले मासे कशाने गेले हे कळणे कठीण.

माशांच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या खाद्यातून होणाऱ्या अमोनियाचे संकट दुपारचे असते. ३० अंशाला आणि सामू (पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्क याचे माप) ७ असताना एकूण अमोनियातला जेमतेम १ टक्का विषारी रूपात असतो. सामू ९ झाला की तोच वाटा ४५ टक्क्यांच्या घरात जातो. गर्द हिरव्या तळ्याचा सामू दुपारी सहज ९ गाठतो. बुडवलेली पांढरी-काळी तबकडी २५ ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर हिरवेपणा योग्य. त्याआधीच दिसेनाशी झाली तर शेण-खत थांबवायची वेळ आली.

प्राणवायूचे हेच गणित पंचगंगा नदीतही चालते, मोठ्या आणि दुःखद प्रमाणावर. उन्हाळ्यात कोल्हापुरी बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातलेले असतात, प्रवाह थांबलेला असतो आणि त्यात सांडपाणी व मळीमिश्रित पाणी येते. जिवाणू ते कुजवताना प्राणवायू संपवतात आणि तेरवाड, शिरोळकडच्या बंधाऱ्यांत मेलेल्या माशांचा खच पडतो. याची झळ सर्वांत आधी नदीवर पोट असलेल्या भोई कुटुंबांना बसते. अशा दिवसांत नदीचे पाणी तळ्यात उचलू नये.

खाद्य, आणि गुळाचा उपयोग

शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समसमान, ही कार्पची जुनी शिदोरी. कारखान्याचे तरंगते खाद्य महाग, पण मासे किती खातात ते डोळ्यांना दिसते. बोटुकलीला वजनाच्या ३ ते ५ टक्के आणि मोठ्या माशाला २ टक्क्यांच्या आसपास खाद्य रोज पुरते. दर पंधरवड्याला फेकजाळ्याने वीस-पंचवीस मासे काढून वजन करावे आणि त्यावर खाद्य ठरवावे. हे न करणारा शेतकरी अंदाजावर खर्च करत असतो.

टाकीत जिवाणूंच्या पुंजक्यांवर मासे वाढवण्याच्या बायोफ्लॉक पद्धतीत तर कोल्हापूरच्या हातखंड्याचीच वस्तू लागते. टाकीतल्या अमोनियातले नत्र जिवाणूंनी शोषून घ्यावे यासाठी त्यांना कर्ब द्यावा लागतो, आणि तो गूळ, काकवी किंवा मळीतून मिळतो. १ ग्रॅम अमोनिया-नत्रामागे साधारण १५ ते २० ग्रॅम गूळ. वाढलेल्या जिवाणूंचे पुंजके चिलापी आणि कोळंबी खातात. विष होते त्याचे अन्न होते. मात्र त्यासाठी हवा चोवीस तास खेळती लागते. भरलेल्या टाकीत वीज गेली की तासाभरात सगळा माल मरू शकतो. शेतीपंपाची वीज ठरावीक तासच मिळते अशा गावी जनित्राची सोय नसताना बायोफ्लॉक सुरू करणे धोक्याचे आहे, आणि टाक्या विकणारे हे पुरेसे सांगत नाहीत.

एका जिल्ह्यातली दोन पाणी

राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडे धो धो पाऊस आणि जांभ्याची आम्लधर्मी माती. तिथले पाणी मऊ. त्यात चुना आणि क्षारता कमी, म्हणून सामू दिवसभरात वरखाली उड्या मारतो आणि प्लवंग धरत नाही. तिथे चुन्याला पर्याय नाही. हेक्टरी २०० ते २५० किलोपासून सुरुवात करून पुढचे प्रमाण मातीचा सामू पाहून वाढवावे.

पूर्वेला शिरोळ तालुक्यात चित्र उलटे. कमी पाऊस, काळी भारी जमीन, वर्षानुवर्षे उसाला दिलेले पाटपाणी आणि त्यातून वर आलेले क्षार. एकेकाळी सोन्यासारखी पिकणारी रानं पांढरी पडली. अशा क्षारपड जमिनीतल्या खाऱ्या भूजलावर व्हेनामी ही परदेशी जातीची कोळंबी वाढवता येते, हे हरियाणा आणि पंजाबात सिद्ध झाले आहे. हरियाणात रोहतकजवळ लाहली येथे केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचे केंद्र यावर काम करते. पण जमिनीखालचे खारे पाणी म्हणजे समुद्राचे पाणी नव्हे. समुद्राच्या पाण्यात सोडियम आणि पोटॅशियम साधारण २८ ला १ आणि मॅग्नेशियम व कॅल्शियम ३ ला १ या प्रमाणात असतात. भूजलात कॅल्शियम भरपूर आणि पोटॅशियम नगण्य असते, कारण चिकण माती ते धरून ठेवते. अशा पाण्यात कोळंबी कात टाकताना मरते, जगली तरी वाढत नाही. उपाय ऊस उत्पादकाच्या गोदामातच आहे : म्युरेट ऑफ पोटॅश हे पोटॅशियमचे खत. पाण्याची आयनवार (सोडियम, पोटॅशियम असा एकेक घटक मोजून) तपासणी करून त्याची मात्रा ठरवावी लागते. खारटपणा मोजणे एवढेच पुरत नाही. आणि हे तळे पांढऱ्या पडलेल्या रानातच असावे. चांगल्या रानाशेजारी खाऱ्या पाण्याचे तळे काढणे म्हणजे शेजाऱ्याच्या शेतात मीठ मुरवणे.

गोड्या पाण्यातल्या मोठ्या झिंग्याची अडचण वेगळी. त्याची पिल्ले निमखाऱ्या पाण्यातच वाढतात, म्हणून बीज किनाऱ्याकडच्या हॅचरीतून आणावे लागते. तळ्यात निळ्या नांग्यांचे दांडगे नर जागा बळकावतात आणि त्यांच्या दहशतीत बाकीचे खुजे राहतात. मोठे नर वेळोवेळी काढून विकले की मागचे भराभर वाढतात. कात टाकलेला मऊ झिंगा इतरांचे भक्ष्य होतो. नारळाच्या झावळ्या, जुने टायर, पाइपाचे तुकडे तळाशी टाकून त्याला लपायला जागा दिली की जगणूक लगेच सुधारते.

रोग

भारतात १९९४ नंतर पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने टायगर कोळंबीची तळीच्या तळी संपवली. त्यावर औषध नाही. २००९ पासून रोगमुक्त जनक व्हेनामी आयात करण्याची परवानगी मिळाली आणि व्यवसाय सावरला, तो औषधाने नव्हे, स्वच्छ बीजाने. कार्पमध्ये त्रास होतो तो मुख्यतः हिवाळ्यातल्या व्रणरोगाचा आणि अर्गुलस या माशांच्या उवेचा. प्रतिजैविके तळ्यात ओतू नयेत. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातील औषधांना तर पूर्ण बंदी आहे.

पूर

२००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगा-कृष्णाकाठची तळी पाण्याखाली गेली. पुरात जगणुकीचा हिशेबच उरत नाही, मासा जिवंत असतो पण आपल्या तळ्यात नसतो. बांधावर उंच जाळी लावणे थोड्या पाण्याला चालते. पूररेषेत येणाऱ्या तळ्यातला माल जूनअखेरपर्यंत विकून मोकळे होणे हाच भरवशाचा उपाय. निसटलेले मासे नदीत काय करतात, हाही प्रश्न आहे. चिलापी आता नदीत मूळची असल्यासारखी मिळते. थाई मांगूर पाळण्यास देशात बंदी असूनही तो छुपेपणाने वाढवला जातो. तो खादाड मासा पुराबरोबर वारणा, भोगावतीत उतरला तर सह्याद्रीतल्या या नद्यांची स्वतःची मासळी त्याच्यापुढे टिकणे अवघड आहे.