कचरा उपसला, तरी विष मुरलेलेच

स्वित्झर्लंडमधल्या क्योलिकेन गावाजवळ चिकणमातीची एक जुनी खाण होती. चिकणमातीतून पाणी सहसा झिरपत नाही, म्हणून घातक कचरा पुरायला ती जागा सुरक्षित मानली गेली. १९७८ ते १९८५ या काळात तिथे रासायनिक कचरा टाकला गेला, त्यातला बराचसा पिंपांत भरून. पुढे दुर्गंधीने गावकरी हैराण झाले, जवळच्या ओढ्यातले मासे मेले आणि ती जागा बंद करावी लागली. तळाच्या खडकात भेगा होत्या आणि खाली भूजल.

अखेर सगळा खड्डाच उपसायचे ठरले. त्यावर अवाढव्य छप्पर उभारून आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवला, म्हणजे एखादी फट राहिली तरी बाहेरची हवा आत शिरेल, आतले वायू बाहेर पडणार नाहीत. २००७ मध्ये सुरू झालेला उपसा २०१५ मध्ये संपला. एकूण खर्च ९० कोटी स्विस फ्रँकच्या घरात गेला.

पण कचरा गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे नाही. ते कळते निरीक्षण विहिरींतून. काही विहिरी भूजलाच्या प्रवाहात जागेच्या वरच्या अंगाला खणतात, काही खालच्या. दोन्हींतला फरक म्हणजे त्या जागेने पाण्यात घातलेली भर. खोलीही वेगवेगळी ठेवावी लागते. पेट्रोलमध्येही असणारे बेंझीन पाण्यावर तरंगते, तर धातूवरचे तेल-ग्रीस काढायला वापरले जाणारे ट्रायक्लोरोइथिलीन पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असल्याने तळ गाठते.

नमुना घेणे हे सबुरीचे काम आहे. पंप अगदी हळू चालवायचा आणि पाण्याचे तापमान, सामू (आम्लतेचे माप), विद्युतवाहकता स्थिर होईपर्यंत थांबायचे. मग काचेची छोटी कुपी काठोकाठ भरून झाकण लावायचे, उलटी करायची, टिचकी मारायची. बुडबुडा दिसला तर नमुना बाद, कारण उडून जाणारी रसायने पाण्यातून त्या हवेत निसटतात.

आकडे वाचतानाही जपावे लागते. ट्रायक्लोरोइथिलीन कमी झाले की आनंद होतो, पण जिवाणूंनी त्याचे विघटन अर्धवटच केले असेल तर व्हिनाइल क्लोराइड साचते, आणि ते माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध झालेले आहे. म्हणून दोन्ही मोजायलाच हवीत.

आणि चिकणमाती? वर्षानुवर्षे विषारी पाण्याच्या संपर्कात राहून तीही त्यातली रसायने शोषून घेते. आजूबाजूचे पाणी स्वच्छ झाले की मुरलेली रसायने हळूहळू परत बाहेर येऊ लागतात. दूषित भूजल उपसून शुद्ध करणारे पंप बंद केल्यावर काही ठिकाणी प्रदूषण पुन्हा चढते, त्याचे हे एक मोठे कारण.

अमेरिकेत घातक कचऱ्याची जागा बंद केल्यावर साधारण ३० वर्षे देखरेखीचा नियम आहे. मातीत मुरलेली रसायने बाहेर येण्याचा वेग पाहता मला ही मुदत तोकडी वाटते. मुदत कॅलेंडरने नव्हे, विहिरीतल्या पाण्याने ठरवावी, आणि त्यासाठीचा पैसा जागा बंद करतानाच बाजूला काढून ठेवावा.