बॉर्बरिग्मस: पोटातल्या गुडगुडीचं भारदस्त नाव

बीकेसीतल्या एखाद्या एसी ऑफिसात दुपारी साडेबाराची मीटिंग, सगळे गप्प, कुणीतरी स्क्रीनवर आकडे दाखवतंय आणि मधेच कुणाच्या तरी पोटातून लांबलचक गुर्रर्र येतं, मग तो माणूस खुर्चीत हलतो, उगाच खोकतो, पाण्याची बाटली उघडतो. आपण म्हणतो पोटात कावळे कोकलतायत. इंग्रजीत या आवाजाला बॉर्बरिग्मस असा भारी शब्द आहे, मूळचा ग्रीक, आणि आपल्या गुडगुडसारखाच तोही आवाजावरूनच बनलाय. इंग्रजी बोलणारेसुद्धा तो रोजच्या बोलण्यात वापरत नाहीत, पण डॉक्टरांच्या नोंदींत तो असतो आणि तिथे बहुतेक वेळा अनेकवचनात, बॉर्बरिग्माय, कारण हा आवाज एकटा सहसा येत नाही.

लोक या आवाजाला विनाकारण लाजतात असं मला मनापासून वाटतं. आणि भूक लागली एवढाच त्याचा अर्थ लावतात, तेही अर्धवटच आहे.

आवाज होतो कसा ते आधी बघू. जठर आणि आतड्याच्या भिंती स्नायूंच्या असतात, त्या आवळत आवळत आतला माल पुढे ढकलतात. आपण खातो-पितो ते आणि लाळ, जठररस, पित्त वगैरे सगळं धरून दिवसाला साधारण ८-९ लिटर द्रव लहान आतड्यात उतरतो, त्यातला बहुतेक परत शोषलाही जातो. नुसता द्रव असता तर फार ऐकू आलं नसतं. पण सोबत हवा असते, घाईघाईत खाताना गिळलेली, सोड्यातली, शिवाय मोठ्या आतड्यातल्या बॅक्टेरियांनी बनवलेले गॅस, आणि हे सगळं मिळून अरुंद जागेतून दाबलं गेलं की गुडगुड होतेच. जेवल्यावरही होते, पण भरल्या पोटात तो आवाज बराचसा दबतो.

खरी गंमत रिकाम्या पोटाची आहे. शेवटचं खाणं पुढे सरकून काही तास झाले की जठरातून किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीपासून आकुंचनाची एक जोरदार लाट निघते आणि हळूहळू लहान आतड्याच्या टोकाकडे जाते. तिला मायग्रेटिंग मोटर कॉम्प्लेक्स म्हणतात, १९६९ साली कुत्र्यांच्या लहान आतड्यावरच्या अभ्यासात ती नोंदली गेली, नंतर माणसातही दिसली. उरलेसुरले कण, गळून पडलेल्या पेशी, नको तिथे साठलेले बॅक्टेरिया ती पुढे लोटते. मुंबईत शेवटची लोकल गेल्यावर रुळांची कामं काढतात ना, तसंच हे, ट्रॅफिक बंद असेल तरच चालणारं काम. दीड-दोन तासांनी पुन्हा नवी लाट, आणि काही खाल्लं की थांबली. दूध-साखरेचा कटिंगसुद्धा त्यात आडवा येऊ शकतो. म्हणून सारखं काहीतरी तोंडात टाकणं मला पटत नाही, कारण ज्यांच्यात ही लाट नीट चालत नाही त्यांच्या लहान आतड्यात बॅक्टेरिया माजू शकतात.

या लाटेमागे मोटिलिन नावाच्या हार्मोनचा मोठा हात असतो. एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक मोटिलिनच्याच रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवर मोटिलिन जिथे चिकटून काम करतं त्या जागेवर, जाऊन बसतं, म्हणून ते घेतल्यावर काहींच्या पोटात मुरडा येतो, आणि जठर वेळेत रिकामं होत नसेल तर डॉक्टर याच गुणाचा उपयोगही करतात.

संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबणाऱ्यांना विचारा, दुपारी कडकडून भूक लागते, पोट वाजतं, मग जरा वेळाने 'भूक मेली' म्हणतात आणि संध्याकाळी ती परत येते. लाट येते आणि ओसरते, तिच्याशी हे बरंच जुळतं. भूक आणि आकुंचन यांचा संबंध हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी १९१२ मध्ये दाखवला होता, त्यांचा विद्यार्थी वॉशबर्न याने नळीला लावलेला फुगा गिळायची स्वतःला सवय लावली, फुगा जठरात फुगवला, जठर आवळलं की कागदावर रेघ उठायची आणि भुकेची कळ जाणवली की वॉशबर्न एक बटण दाबायचा, आणि दोन्ही खुणा जुळल्या. पण जठर काढून टाकलेल्या माणसांनाही भूक लागते हे पुढे दिसलं, म्हणजे मेंदू आणि हार्मोन्सचाही त्यात वाटा आहे, नुसतं पोट वाजण्यावर भूक ठरत नाही.

डॉक्टर पोटावर स्टेथोस्कोप टेकवून हेच ऐकतात. आतडं कुठे अडलं असेल तर सुरुवातीला आवाज वाढतात, उंच पट्टीत टणटण येतात, आणि आतडं हलायचंच थांबलं तर पोट एकदम गप्प होतं. म्हणून नुसत्या गुडगुडीसाठी घाबरायचं काही कारण नाही, पण सोबत पोट फुगलंय, कळा येतायत, उलट्या होतायत, गॅसही सरत नाही, असं असेल तर घरी ओवा चघळत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा, आणि अशा पोटाचा आवाज नंतर बंद झाला तर बरं वाटतंय असं अजिबात समजू नका.