प्रिंटरची स्थिती आणि जॉबची स्थिती: डायलॉगशिवाय पावती छापताना कुणाला काय विचारायचं

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हंगाम भरात आला की वजनकाट्यावर गाड्यांची रांग लागते. भरलेली गाडी काट्यावर चढते, आकडा स्थिरावतो, ऑपरेटर एक कळ दाबतो आणि डॉट मॅट्रिक्सवर पावती निघते. मध्येच "कोणता प्रिंटर? किती प्रती?" असं विचारणारी खिडकी उघडली, तर ड्रायव्हर, हमाल आणि अडत्याचा माणूस तिघंही खोळंबतात. म्हणून इथे डायलॉगशिवाय छापणारा प्रोग्रॅम लागतो. सिरियल पोर्टवरून वजन वाचायचं आणि पावती काढायची, काम एवढंच असेल तर ते आजही असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या थेट सूचनांच्या भाषेत, लिहिणारे आहेत. थोड्याशा केबीची एक फाइल असते, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही, जुन्या मशीनवरही निमूट चालते.

पण डायलॉग काढला की त्याची जबाबदारी आपल्यावर येते. आता "पावती निघाली का?" हे प्रोग्रॅमनेच शोधायचं. नेमक्या याच ठिकाणी प्रिंटरची स्थिती आणि जॉबची, म्हणजे छपाईला दिलेल्या एका कामाची, स्थिती या दोन गोष्टींची गल्लत होते. दोन्हींना विंडोज एकेक बत्तीस बिटांचा आकडा देतं, दोन्हींत "कागद संपला", "ऑफलाइन", "छपाई चालू" असे बिट असतात, आणि दोन्ही आकडे विनस्पूल या विंडोजच्या छपाईच्या लायब्ररीतूनच मिळतात. तरी ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

डॉसमध्ये प्रश्न एकच होता

ही गल्लत कुठून आली ते जुन्या कोडमध्ये दिसतं. डॉसवर असेंब्ली लिहिणारा एएच या प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये २ घालून इंटरप्ट हेक्स १७, म्हणजे बायोसची प्रिंटरची सेवा, बोलावायचा (हेक्स म्हणजे सोळा पायाचा आकडा). परत आलेल्या एएचमध्ये, शून्यापासून मोजलं तर, पाचवा बिट कागद संपल्याचा, चौथा प्रिंटर ऑनलाइन असल्याचा, तिसरा चूक झाल्याचा आणि सातवा प्रिंटर मोकळा असल्याचा. हेक्स ९० आलं की बिनधास्त पाठवा. त्याहून घाई असेल तर पोर्ट हेक्स ३७९ थेट वाचायचा. पॅरलल केबलच्या बाराव्या पिनवरची कागद संपल्याची खूण तिथे जशीच्या तशी मिळायची. मध्ये कुणीच नव्हतं. आपण अक्षर दिलं, प्रिंटरने घेतलं. प्रिंटर ठीक म्हणजे आपलं कामही ठीक.

एनटी घराण्याच्या विंडोजमध्ये साध्या प्रोग्रॅमने "इन" ही पोर्ट वाचायची सूचना वापरून तो पोर्ट वाचायचा प्रयत्न केला, तर विशेषाधिकाराचा अपवाद येऊन प्रोग्रॅम तिथेच बंद पडतो. प्रिंटर आणि आपण यांच्यामध्ये आता स्पूलर बसलाय. आपण मजकूर स्पूलरला देतो, तो रांगेत ठेवतो आणि सवडीने पोर्टकडे सोडतो. एकाच प्रश्नाचे दोन प्रश्न झाले ते यामुळे: यंत्र कसं आहे, आणि मी दिलेलं काम कुठवर पोचलं. डॉसची सवय असलेला माणूस फक्त पहिला प्रश्न विचारतो आणि त्याचं उत्तर दुसऱ्याला लावतो.

प्रिंटरला विचारताना

ओपनप्रिंटर या फंक्शनने हँडल, म्हणजे प्रिंटर ओळखायची खूण, घ्यायचं आणि गेटप्रिंटर बोलवायचं; किती माहिती हवी ते लेव्हलच्या आकड्याने सांगायचं. नुसती स्थिती हवी असेल तर सहाव्या लेव्हलची रचना चार बाइटांची असते, तिच्यात तेवढा एकच आकडा असतो. पण काट्यासाठी मी दुसरी लेव्हलच घ्यायला सांगेन. कारण प्रिंटरची खरी अवस्था कित्येकदा स्टेटसमध्ये नसते, ॲट्रिब्यूट्स या गुणधर्मांच्या वेगळ्या आकड्यात असते. यूएसबी प्रिंटरची केबल निघाली किंवा बटण बंद झालं, तर स्टेटस शून्यच राहतो आणि ॲट्रिब्यूट्समध्ये "ऑफलाइन काम" हा हेक्स ४०० चा बिट लागतो, असं पुष्कळदा दिसतं. फक्त स्टेटस वाचणारा प्रोग्रॅम बंद प्रिंटरला तयार समजून बसतो.

स्टेटस शून्य म्हणजे "प्रिंटर तयार" असं बरेच जण धरून चालतात. त्याचा अर्थ एवढाच, की स्पूलरकडे सध्या कुठल्याही अडचणीची नोंद नाही. स्पूलर साधारणपणे प्रिंटरला उगाच विचारत बसत नाही. पोर्ट मॉनिटर, म्हणजे स्पूलरचा पोर्टकडे मजकूर नेणारा भाग, मजकूर पाठवायला लागतो, तिथे काही अडतं, तेव्हा नोंद होते. सकाळी कागद न लावता प्रिंटर सुरू केला आणि अजून एकही पावती पाठवली नाही, तर शून्य दिसू शकतं. नेटवर्कवरच्या प्रिंटरचं उलट होतं. टीसीपी-आयपी पोर्ट एसएनएमपीवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या उपकरणांची स्थिती विचारायच्या पद्धतीने, चौकशी करतो, आणि त्या प्रिंटरला एसएनएमपी नीट बोलता येत नसेल, तर धडधडीत चालणारा प्रिंटरसुद्धा ऑफलाइन दिसतो. अशा वेळी पोर्टच्या सेटिंगमध्ये एसएनएमपी बंद करणं हाच उपाय.

म्हणजे या उत्तरावर विसंबून पावती अडवू नये. त्याचा उपयोग आधी इशारा देण्यापुरता: "कागद बघा" असं पडद्यावर दाखवा, पण कळ दाबली तर छापायला जाऊ द्या.

जॉबला विचारताना

स्टार्टडॉकप्रिंटर यशस्वी झालं की ईएएक्समध्ये, म्हणजे फंक्शनचं उत्तर ज्या रजिस्टरमध्ये येतं तिथे, जॉबचा क्रमांक येतो. पुष्कळ कोडमध्ये तो शून्य आहे का एवढं तपासून सोडून देतात. तो जपून ठेवला पाहिजे, कारण त्या पावतीची विचारपूस करायची तर तोच क्रमांक गेटजॉबला द्यावा लागतो. जीडीआयने, म्हणजे विंडोजच्या अक्षरं-चित्रं काढायच्या यंत्रणेने, छापत असाल, म्हणजे क्रिएटडीसी, मग स्टार्टडॉक, तर तिथेही परत येणारा आकडा जॉबचाच क्रमांक असतो. फरक एवढाच, की डीसी (जिच्यावर जीडीआय काढतं ती गोष्ट) हे प्रिंटरचं हँडल नव्हे. गेटजॉबसाठी ओपनप्रिंटर वेगळं करावंच लागतं.

जॉबचं उत्तर प्रिंटरच्या उत्तरापेक्षा भरवशाचं असतं, कारण ते तुमच्याच पावतीबद्दल असतं. शेजारच्या टेबलावरून कुणी त्याच प्रिंटरवर हिशोबाची वीस पानं सोडली असतील, तर प्रिंटर "छपाई चालू" म्हणेल आणि त्यात खोटं काही नाही, पण तुमची पावती रांगेत मागे उभी असेल. जॉबच्या रचनेत पोझिशन नावाचा रकाना आहे, तो रांगेतला नंबर सांगतो. शिवाय तिथे पी-स्टेटस नावाचा एक पॉइंटर असतो. तो शून्य नसेल तर तिथला मजकूर आधी वाचायचा, तो बिटांपेक्षा वरचढ धरतात.

काम झालं की जॉब रांगेतून निघून जातो आणि गेटजॉब शून्य देतं, चूक क्रमांक ८७. म्हणजे "असा जॉब नाही". पावती छापून झाली म्हणून नाही, की कुणी रांगेतून उडवली म्हणून नाही, हे त्या ८७ वरून कळत नाही. हा घोळ टाळायचा तर स्टार्टडॉकप्रिंटरनंतर लगेच सेटजॉबला ८ ही आज्ञा द्या. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये ती जॉबला छापून झाल्यावरही रांगेत धरून ठेवते. "छापला" हा बिट दिसला की ९ देऊन सोडा. आपल्याच जॉबला या आज्ञा द्यायला प्रशासकाचे अधिकार लागत नाहीत.

आकडे सारखे, अर्थ उलटे

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. दोन्ही स्थितींचे पहिले तीन बिट सारखेच आहेत: १ म्हणजे थांबवलेलं, २ म्हणजे चूक, ४ म्हणजे काढून टाकणं चालू. चौथ्यापासून वाटा फुटतात. हेक्स ८ म्हणजे प्रिंटरकडे कागद अडकला, जॉबकडे मजकूर स्पूल होतोय. हेक्स १० म्हणजे प्रिंटरकडे कागद संपला, जॉबकडे छपाई चालू. हेक्स २० प्रिंटरकडे हाताने कागद भरा, जॉबकडे ऑफलाइन. हेक्स ४० प्रिंटरकडे कागदाची काहीतरी तक्रार, जॉबकडे कागद संपला. आणि हेक्स ८० म्हणजे प्रिंटरकडे ऑफलाइन, तर जॉबकडे चक्क "छापून झालं".

सी किंवा पास्कलमध्येही ही चूक होऊ शकते, पण तिथे स्थिरांकाचं लांबलचक नाव समोर असतं, त्यामुळे डोळ्याला खटकतं. असेंब्लीत लोक "टेस्ट ईएएक्स, हेक्स ८०" (८० चा बिट लागलाय का बघ) असं लिहून मोकळे होतात. मग प्रिंटर बंद असताना प्रोग्रॅम "पावती छापली" म्हणतो, वजन नोंदवहीत चढवतो आणि गाडीला पुढे सोडतो. हातात कागद नाही, नोंद मात्र पक्की.

ही चूक चाचणीतही सहसा सापडत नाही. चाचणी घेणारा सगळ्यात सोपी गोष्ट करतो: प्रिंटरच्या खिडकीत जाऊन छपाई थांबवतो आणि प्रोग्रॅमला कळतं का ते बघतो. थांबवण्याचा बिट दोन्हीकडे १ असल्यामुळे चाचणी पास होते. खरी परीक्षा करायची तर कागद काढून घ्या, केबल ओढा, आणि हे छपाई चालू असताना करा. आणि हेक्स ४०० वर तर तीन अर्थ बसलेत: प्रिंटरच्या स्टेटसमध्ये छपाई चालू, जॉबमध्ये माणसाने येऊन बघायला हवं, ॲट्रिब्यूट्समध्ये ऑफलाइन काम. माझा आग्रह आहे की असेंब्लीत हे स्थिरांक कधीही उघड्या आकड्याने लिहू नयेत. पूर्ण नावाने इक्वेट करा, म्हणजे नावाला आकडा एकदाच बांधून ठेवा, आणि प्रिंटरचे व जॉबचे वेगळ्या इन्क्लूड फाइलमध्ये ठेवा.

अजून एक खाच: गेटप्रिंटर किंवा गेटजॉबमधून ईएएक्समध्ये येतो तो आकडा स्थितीचा नसतो. १ आला म्हणजे माहिती मिळाली, एवढंच. स्थिती बफरमध्ये असते. आधी शून्य आकाराचा बफर देऊन बोलवायचं, चूक १२२ येते आणि किती बाइट लागतील ते कळतं. तेवढी जागा घेऊन पुन्हा बोलवायचं.

बफरमधून स्थिती काढताना ऑफसेट, म्हणजे रचनेच्या सुरुवातीपासून कितव्या बाइटवर ती आहे तो आकडा, हाताने लिहिणाऱ्यांनी जपावं. बत्तीस बिटांत प्रिंटर-इन्फो-२ ची रचना ८४ बाइटांची आणि स्टेटस ७२ वर. चौसष्ट बिटांत रचना १३६ बाइटांची आणि स्टेटस १२४ वर, कारण दुप्पट झाले ते फक्त तेरा पॉइंटर, आकडे चार बाइटांचेच राहिले. जुना ७२ तसाच ठेवला तर प्रिंट प्रोसेसरच्या नावाच्या पत्त्याचे बिट स्थिती म्हणून वाचले जातात आणि रोज वेगळी तक्रार दिसते. घाईने दुप्पट करून १४४ लिहिलं तर रचनेच्या बाहेर जातो. जॉब-इन्फो-१ मध्ये मात्र २८ चे बरोबर ५६ होतात. या योगायोगानेच "सगळं दुप्पट करा" हा समज पसरतो.

डायलॉग नाही म्हटलं तरी येतो तेव्हा

छपाईची जुळणी थोडक्यात सांगतो. गेटडिफॉल्टप्रिंटर विंडोज २००० पासून आहे, नाव त्याच्याकडून मिळतं. पण विंडोज १० मध्ये डिफॉल्ट प्रिंटर विंडोजने सांभाळायची सोय आहे, ती चालू असेल तर शेवटी वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होतो. कुणी एक बिल पीडीएफ करून ठेवलं, की पुढची पावती पीडीएफच्या प्रिंटरकडे जाते, आणि त्याचा पोर्ट फाइलचं नाव विचारणारी खिडकी उघडतो. आपल्या कोडमध्ये डायलॉग नाही, तरी पडद्यावर डायलॉग! काट्यावर प्रिंटरचं नाव सेटिंग फाइलमध्ये पक्कं लिहून ठेवावं हे बरं.

पावती इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत असेल तर रॉ प्रकाराने (बाइट जसेच्या तसे प्रिंटरकडे जाणारा प्रकार) राइटप्रिंटरला थेट बाइट द्या, डॉट मॅट्रिक्सवर ती झटकन निघते. शेतकऱ्याचं नाव आणि गाव मराठीत हवं असेल, आणि ते असायलाच हवं असं मला वाटतं, तर जीडीआय आणि टेक्स्टआउटचं युनिकोड रूप वापरा. जोडाक्षरं नीट बसतात, छपाई थोडी सावकाश होते. स्थिती विचारायची पद्धत दोन्हीकडे तीच.

राहता राहिला "छापून झालं" या बिटाचा खरा अर्थ. जॉबने तो दाखवला म्हणजे स्पूलरने शेवटचा बाइट पोर्टच्या हवाली केला. एका पावतीचे काहीशे बाइट प्रिंटरच्या स्वतःच्या मेमरीत सहज मावतात, त्यामुळे रिबन फाटलेली असली किंवा तिसऱ्या ओळीवर कागद संपला, तरी जॉब छापूनच झालेला दिसेल. म्हणून कागद हातात आल्याची खात्री ऑपरेटरने करायची, प्रोग्रॅमने त्याला पुन्हा छापायची एक कळ द्यायची, आणि त्या कळीने निघणाऱ्या प्रत्येक पावतीवर पहिलाच पावती क्रमांक ठेवून ठळक "डुप्लिकेट" छापायचं. म्हणजे एका गाडीच्या वजनाच्या दोन मूळ पावत्या बाजारात फिरणार नाहीत.