ब्राउझरला लगाम घालावा तो कुठे?

आमच्या कोथरूडच्या घरी मध्यंतरी एका संध्याकाळी आई नागपूरच्या मावशीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती आणि आतल्या खोलीत मुलगी ब्राउझरमधून दोन गिगाबाइटची फाइल उतरवून घेत होती. मावशीचा चेहरा मध्येच थिजायचा, आवाज तुटायचा आणि मग दोघी एकदमच बोलू लागायच्या. मी लॅपटॉपवर पिंग (दूरच्या संगणकाला छोटा संदेश पाठवून उत्तर यायला लागणारा वेळ मोजण्याची सोय) लावून पाहिले, तर एरवी १५ मिलिसेकंदांत येणाऱ्या उत्तराला ४०० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागत होता. फाइल थांबवताच आकडा पुन्हा १५ वर आला.

महापालिकेच्या नळाला कोणी थेट मोटर जोडली की शेजाऱ्याची धार बारीक होते, हे पुणेकरांना सांगायला नको. ही उपमा येथे मात्र अर्धीच लागू पडते. आमची जोडणी सेकंदाला ५० मेगाबिटची आहे आणि कॉलला त्यातले दोन-तीन पुरतात. कॉल अडतो तो मुख्यतः रांगेमुळे. इंटरनेटवरची माहिती पॅकेटांच्या, म्हणजे छोट्या तुकड्यांच्या, रूपाने येते आणि जी पॅकेटे लगेच पुढे सरकू शकत नाहीत, ती वाटेतल्या यंत्राच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणजागेत, थांबतात. फाइलच्या पॅकेटांनी तो बफर भरला की कॉलच्या इवल्याशा पॅकेटालाही त्या सगळ्यांच्या मागे उभे राहावे लागते.

फाइल पाठवणारा सर्व्हर आपला वेग वाढवत नेतो आणि पॅकेट हरवले की कमी करतो. या शिस्तीमागे १९८६ सालचा एक अनुभव आहे. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात जेमतेम ४०० यार्डांचे अंतर. तेथे सेकंदाला ३२,००० बिटांचा वेग कोंडीमुळे ४० बिटांवर घसरला. त्यावर संगणक-संशोधक व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेले उपाय पुढे सर्वत्र रुळले. नंतर मेमरी स्वस्त झाली, बफर फुगत गेले आणि पॅकेट हरवण्याऐवजी नुसतेच रखडू लागले, त्यामुळे वेग कमी करण्याचा इशारा सर्व्हरला वेळेवर मिळेनासा झाला. संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी या दुखण्याला ‘बफरब्लोट’ असे नाव दिले.

मग ब्राउझरलाच वेगाची मर्यादा का घालू नये? क्रोममध्ये एफ१२ दाबून नेटवर्क विभागात वेग कमी करता येतो, पण ती सोय संकेतस्थळे तपासणाऱ्यांसाठी आहे. ती त्या टॅबपुरती आणि साधने उघडी असेपर्यंतच चालते. विंडोजवर नेटलिमिटर किंवा लिनक्सवर ट्रिकल यांसारखे प्रोग्राम वापरून एकट्या ब्राउझरचा वेग बांधता येतो. येणारी माहिती मुद्दाम सावकाश उचलली की संगणकाची साठवणजागा भरत जाते आणि माहिती मिळाल्याचे कळवण्यासाठी सर्व्हरला जाणाऱ्या प्रत्येक पोचेत ‘आता एवढेच बाइट पाठव’ हा आकडा लहान होत जातो. म्हणजे घेणारासुद्धा देणाऱ्याचा वेग ठरवू शकतो, आणि मला या व्यवस्थेतली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. वेग बांधल्याने फाइलचे बाइट मात्र घटत नाहीत. डेटा वाचवायचा असेल तर व्हिडिओची प्रतच ४८०पी वर आणावी.

घरात चार-पाच उपकरणे असतील तर लगाम राउटरवर घालावा, असे माझे मत आहे. तेथील मर्यादा जोडणीच्या प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी कमी, ५० असेल तर ४५ मेगाबिट, ठेवली की रांग इंटरनेट कंपनीच्या यंत्रात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते आणि तिची व्यवस्था आपल्या हाती येते. संशोधक कॅथलीन निकोल्स आणि त्याच जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली कोडेल ही पद्धत रांगेची लांबी मोजत नाही. पॅकेट रांगेत किती वेळ थांबले, हे ती पाहते. हा वेळ सलग १०० मिलिसेकंद ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला, तर ती एक पॅकेट मुद्दाम टाकून देते, जेणेकरून सर्व्हरला इशारा मिळावा. तिच्या सुधारित रूपात प्रत्येक प्रवाहाला, म्हणजे फाइलला वेगळी आणि कॉलला वेगळी, रांग मिळते. ही सोय राउटरमध्ये आहे का, हे विकत घेण्यापूर्वीच विचारावे. आकडा भरताना मेगाबिट आणि मेगाबाइट यांची गल्लत करू नये, कारण ५० मेगाबिट म्हणजे जेमतेम सव्वासहा मेगाबाइट. अपलोडलाही मर्यादा घालावी. ती वाट तुंबली की पोचाच अडकतात आणि डाउनलोडही मंदावते.

आमच्या राउटरमध्ये ४५ चा आकडा भरून तीच फाइल पुन्हा उतरवली, तेव्हा साडेपाचऐवजी सहा मिनिटे लागली. पिंग २० च्या आसपास राहिला, आणि मावशीने साबुदाण्याच्या चकल्यांची कृती न अडखळता शेवटपर्यंत सांगितली.