गर्दी दाराशी अडते

एखाद्या ट्राममार्गावर गर्दी वाढली की सगळ्यांच्या तोंडी एकच उपाय असतो: गाड्या वाढवा. हिशोबही सरळ वाटतो. तासाला १२ ट्राम, एकेकीत २०० माणसं, म्हणजे २४०० प्रवासी. १५ ट्राम सोडल्या की ३०००. पाढे येणाऱ्या कुणालाही हे पटेल. मलाही बरीच वर्षं पटत होतं. पण रुळांवर हा गुणाकार चुकतो. तो जिथे चुकतो ती जागा मला इतकी आवडते की या लेखातली बरीचशी जागा मी तिलाच देणार आहे.

संध्याकाळच्या गर्दीत थांब्यावर उभं राहून ट्रामच्या एकाच दाराकडे बघा. ट्राम थांबते, दार उघडतं. आधी उतरणारे. त्यातला एकजण आत अडकलाय. पाठीवरची बॅग पोटाशी घेऊन "उतरू द्या, उतरू द्या" करत वाट काढतोय. त्याला जागा द्यायला दारातले दोघे खाली उतरतात आणि पुन्हा चढतात. मग चढणारे. पहिले पाच-सहा पटापट चढतात, पुढच्यांचं घोडं अडतं, कारण आतले लोक दाराजवळच्या खांबालाच धरून उभे आहेत आणि ट्रामच्या पोटात चांगली जागा मोकळी आहे. दार मिटायला लागतं, कुणाच्या तरी बॅगेला लागून परत उघडतं. पुन्हा मिटतं. तेवढ्यात पुढचा सिग्नल लाल होतो.

हे सेकंद वेळापत्रकात कुठेच दिसत नाहीत. ते मोजू या.

थांब्यावर मिनिटाला ६ माणसं येतात असं धरा, म्हणजे सेकंदाला ०.१. एकाच दाराने, तिकीट दाखवत चढायचं असेल तर माणशी २ सेकंद धरू. या दोन आकड्यांचा गुणाकार ०.२. त्याला आपण ‘ग’ म्हणू, गर्दीचा ग. त्याला एकक नाही. सेकंद सेकंदाने कटतो आणि नुसता आकडा उरतो. कुंडलीवर माझा विश्वास नाही, पण ट्राममार्गाची कुंडली असलीच तर ती या एका आकड्यात असते.

समजा एका मोटारीने रूळ अडवला आणि ट्राम ३० सेकंद उशिरा आली. त्या ३० सेकंदांत थांब्यावर ३ माणसं जास्त जमली. त्यांना चढायला ६ सेकंद जास्त लागले. म्हणजे ट्राम निघाली तेव्हा उशीर ३६ सेकंदांचा झाला होता. पुढच्या थांब्यावर याच हिशोबाने तो ४३ सेकंद होतो. हे सरळसरळ चक्रवाढ व्याज आहे, दर थांब्याला २० टक्के! दहा थांब्यांनंतर १.२ चा दहावा घात, म्हणजे जवळपास ६.२ पट: तीस सेकंदांची तीन मिनिटांहून जास्त झाली. (चढणं चालू असतानाही माणसं येतच राहतात, त्यामुळे काटेकोर हिशोबात थांब्यागणिक १ + ग ऐवजी १ ÷ (१ – ग) इतकी पट येते. म्हणजे खरा आकडा याहून वाईटच.) ती मोटार एव्हाना घरी पोचलेली असते.

मागच्या ट्रामचं नेमकं उलटं होतं. पुढची उशिरा गेल्यामुळे तिने थांब्यावरची माणसं झाडून नेलेली असतात. मागचीला थोडीच मिळतात, ती लवकर निघते, पुढच्या थांब्यावर आणखी लवकर पोचते. पुढची व्याज भरते आणि मागची व्याज खाते. शेवटी मागची पुढचीच्या पाठीला जाऊन चिकटते. बस असती तर वळसा घालून पुढे गेली असती. रुळांवर ती सोय नाही. मग पुढची खच्चून भरलेली आणि मागची अर्धी रिकामी, अशी जोडी मार्गाच्या टोकापर्यंत रखडत जाते.

हे गणित १९६४ साली गॉर्डन न्यूवेल आणि रेनफ्री पॉट्स या दोघांनी बससाठी मांडलं. यातले पॉट्स म्हणजे चुंबकत्वाच्या अभ्यासात ज्यांच्या नावाचं ‘पॉट्स मॉडेल’ वापरतात तेच. लोखंडातल्या अणूंपासून थांब्यावरच्या रांगेपर्यंत सगळीकडे एकाच नजरेने बघणारी अशी माणसं मला फार आवडतात.

आता थांब्यावरून. "मी आलो की ट्राम कधीच नसते, आणि येतात तेव्हा दोन एकदम येतात." याला लोक नशीब म्हणतात, कुणी साडेसाती म्हणतात. शनीचा काही संबंध नाही. दहा मिनिटांत दोन ट्राम येतात असं धरा. सारख्या अंतराने आल्या तर दोघींत ५ मिनिटं आणि सरासरी वाट अडीच मिनिटांची. आता अंतर बिघडून एक ८ मिनिटांचं आणि दुसरं २ मिनिटांचं झालं. तुम्ही कधीही थांब्यावर आलात तरी मोठ्या अंतरात सापडण्याची शक्यता १० पैकी ८, आणि तिथे सरासरी वाट ४ मिनिटांची. छोट्या अंतरात सापडण्याची शक्यता १० पैकी २, वाट १ मिनिटाची. गोळाबेरीज ३.४ मिनिटं. ट्राम तेवढ्याच, पण वाट एक तृतीयांशाहून जास्त वाढली. (ज्यांना सूत्र हवं त्यांच्यासाठी: अंतरांच्या वर्गांची सरासरी भागिले अंतरांच्या सरासरीची दुप्पट. बाकीच्यांनी हा कंस विसरावा.)

याच दहा मिनिटांत आलेल्या ६० माणसांपैकी ४८ जण पहिल्या ट्राममध्ये कोंबले जातात आणि १२ जण दुसरीत पाय पसरून बसतात. कार्यालयातल्या तक्त्यात मात्र ‘सरासरी ३० प्रवासी’ असं दिसतं आणि गर्दी नाहीच असा निष्कर्ष निघतो. प्रवाशांना विचाराल तर पाचातले चार सांगतील की श्वास घ्यायला जागा नव्हती. दोघंही खरं बोलतात. अधिकारी ट्राम मोजतो, प्रवासी प्रवासी असतो, एवढाच फरक.

सुरुवातीचा गुणाकार कुठे चुकला ते आता दिसेल. तासाला १२ च्या १५ ट्राम केल्या की दोन ट्राममधलं अंतर ५ वरून ४ मिनिटांवर येतं. ‘ग’ मोठाच असेल तर तीन मिनिटांचा उशीर हे अंतर जवळजवळ गिळून टाकतो. नव्या तीन ट्राम नव्या माणसांना घेत नाहीत, जुन्या ट्रामच्या मागे रांगेत लागतात.

म्हणून आधी ‘ग’ला हात घालायचा. माणसं थांब्यावर कमी येतील अशी इच्छा करण्यात अर्थ नाही, पण चढायचा वेळ आपल्या हातात आहे. तिकीट आधीच काढलेलं, मधून मधून तपासनीस, आणि चारही दारांनी चढा-उतरायची मुभा दिली की माणशी २ सेकंदांचा अर्धा सेकंद होतो. ट्रामची जमीन फलाटाच्या पातळीला असली, पायऱ्याच नसल्या, की आणखी फरक पडतो. गुडघे दुखणारी आजी आणि बाबागाडी ढकलणारी आई यांना विचारा. आता ग = ०.०५. दहा थांब्यांनंतर उशीर १.६३ पट, म्हणजे ३० सेकंदांचे ४९ सेकंद. व्याजाचा दर उतरला की कर्ज आटोक्यात राहतं.

यात एक जोडफायदा आहे. पाच मिनिटांच्या अंतरात ३० माणसं जमतात. एका दाराने त्यांना ६० सेकंद लागत होते, चार दारांनी १५. थांब्यामागे ४५ सेकंद वाचले. एका दिशेला १५ थांबे असले तर सव्वाअकरा मिनिटं, जाऊन-येऊन साडेबावीस. १०० मिनिटांची फेरी साडेसत्त्याहत्तर मिनिटांत झाली. मार्गावर २० ट्राम असतील तर त्याच २० ट्राम आता पाच मिनिटांऐवजी चार मिनिटांच्या आत येतील, तासाला १२ ऐवजी साडेपंधरा. एकही नवी ट्राम विकत न घेता! प्रत्येक थांब्यावर काही तीस माणसं नसतात आणि वाचलेल्यातला थोडा वेळ सिग्नल खातात, त्यामुळे प्रत्यक्षात फायदा यापेक्षा कमी. पण दिशा हीच.

हे सगळं करूनही गर्दी उरली तर? तासाला तीस-चाळीस ट्रामच्या पुढे चौकातले सिग्नलच आडवे येतात. ९० सेकंदांचं चक्र असेल तर तासाला ४० वेळा हिरवा दिवा लागणार. दर दिव्याला एक ट्राम नेमकी वेळेवर हजर राहणं हे कागदावरचं स्वप्न. मग उपाय उरतो लांबीचा. दोन ट्राम नाहीतरी जोडीनेच फिरणार असतील, तर त्या मुद्दाम जोडलेल्या काय वाईट?

यातही शाळेतलं एक सूत्र खूश करून जातं. चौक २० मीटर रुंद, ट्राम २७ मीटर लांब. शेपूट चौकाबाहेर निघेपर्यंत ४७ मीटर जायचंय. सेकंदाला १ मीटर प्रतिसेकंद इतका वेग वाढत असेल तर ९.७ सेकंद लागतात. ट्राम दुप्पट, म्हणजे ५४ मीटर केली तर ७४ मीटर जायचं, आणि त्याला १२.२ सेकंद. वेळ अंतराच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणून दुप्पट माणसं अडीच सेकंद जास्त हिरव्या दिव्यात निघून जातात. बुडापेस्टच्या ४ आणि ६ क्रमांकाच्या मार्गांवर २००६ पासून अशाच ५४ मीटर लांबीच्या ट्राम धावतात. डब्लिनने लाल मार्गावरच्या ३० मीटरच्या ट्राममध्ये नवे भाग घालून त्या ४० मीटर केल्या.

लांबीलाही अंत आहे. अमेरिकेत पोर्टलंडच्या मध्यभागात दोन आडव्या रस्त्यांमधलं अंतर सुमारे ६१ मीटर आहे. तिथल्या हलक्या रेल्वेला, म्हणजे ट्रामसारख्याच गाडीला, दोनच डबे जोडतात. तिसरा जोडला तर थांब्यावर उभ्या गाडीची शेपटी मागचा रस्ता अडवून बसेल. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी पट्टी घेऊन गल्ल्या आखल्या, आणि आजची क्षमता तिथेच ठरून गेली.

विजेचीही मर्यादा असते. भरलेली ७० टनांची ट्राम वर चौकात धरलेल्या दरानेच वेग घेत सेकंदाला १० मीटरवर पोचते तेव्हा तिला ७०० किलोवॅट लागतात. ६०० व्होल्टच्या तारेतून हे ११०० अँपिअरच्या वर जातं. जुनी उपकेंद्रं इथे हात टेकतात, आणि मग दोन ट्राम एकाच वेळी सुटल्या की दोघींचाही वेग मंदावतो.

क्षमतेचे आकडे छापलेले दिसले की एक प्रश्न विचारत जा: चौरस मीटरमध्ये किती माणसं उभी धरलीत? चार धरली तर निदान वळता येतं. सहा धरली की उभ्यांची जागा कागदावर दीडपट होते, एक इंचही न वाढवता. आणि तेवढ्या दाटीत चढा-उतरायला जास्त वेळ लागतो, म्हणजे ‘ग’ पुन्हा वर.

चमत्कारांपासूनही जरा जपून. २०१६ साली चीनमधल्या छिनह्वांगडाओ शहरात मोटारींच्या डोक्यावरून जाणाऱ्या उंच ‘बस’ची चाचणी झाली. पोटाखालून मोटारी जातायत अशी चित्रं जगभर फिरली, वाहतूक कोंडी संपल्याच्या आनंदात लोकांनी ती एकमेकांना पाठवली. तिचा चाचणीमार्ग होता जेमतेम ३०० मीटरचा. पुढच्याच वर्षी तो उखडला गेला आणि बेकायदा निधी गोळा केल्याच्या संशयावरून धरपकड झाली. दरवाजे रुंद करण्याच्या बातमीवर मात्र कुणी इतकं खूश होत नाही.

जोड्या फोडायचा स्वस्तातला उपाय मात्र सगळ्यात अलोकप्रिय आहे. मागची ट्राम पुढचीला गाठायला लागली की नियंत्रण कक्षातून तिच्या ड्रायव्हरला सांगतात, थांब्यावर मिनिटभर उभी ठेव. वेळापत्रक बघायचं नाही, पुढची किती लांब आहे ते बघायचं. त्या एका मिनिटाने पुढच्या कित्येक थांब्यांवरची सरासरी वाट कमी होते. पण आत बसलेल्यांना काय दिसतं? सिग्नल हिरवा, रूळ मोकळा, ट्राम अर्धी रिकामी, दारं उघडी, आणि ड्रायव्हर शांत बसलेला. पुढच्या थांब्यांवरच्यांना हे कळतही नाही, आणि आतले त्याच्या नावाने बोटं मोडत असतात.