संवर्धित वास्तव आणि मानसिक श्रम

संवर्धित वास्तव : डोळ्यांसमोरच्या खऱ्या दृश्यावर संगणकाने तयार केलेली चित्रे, अक्षरे किंवा खुणा जागच्या जागी बसवून दाखवणारे तंत्र. रोजच्या बोलण्यात ते ‘एआर’ म्हणून रुळले आहे. रोनाल्ड अझूमा यांनी १९९७ मध्ये त्याची तीन लक्षणे सांगितली : खरे आणि आभासी एकत्र दिसणे, त्याच क्षणी प्रतिसाद मिळणे आणि आभासी चित्राची खऱ्या वस्तूशी त्रिमितीत नेमकी जुळणी होणे. वापरणाऱ्याचे डोके हलके होणार की जड, हे बरेचसे या तिसऱ्या लक्षणावर ठरते.

डोक्यावर घालायचे पहिले त्रिमिती दर्शक यंत्र आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये दाखवले. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. तंत्राला नाव मात्र १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बोइंग कंपनीत मिळाले. विमानातल्या तारांचे जुडगे बांधणाऱ्या कामगारांची नजर आराखडा आणि तारा मांडायची फळी यांच्यात सतत येरझारा घालत असे. ही येरझार वाचवावी म्हणून टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी आराखडाच फळीवर दिसेल अशी योजना मांडली. म्हणजे या तंत्राचे नावच मानसिक श्रम वाचवण्याच्या कामातून आले. पुढे खेळ आणि जाहिरातींच्या गलबल्यात हे विसरले गेले.

माणसाची कार्यस्मृती, म्हणजे एका वेळी मनात धरून ठेवण्याची ताकद, तोकडी असते. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिची मर्यादा सात गोष्टी, कमीअधिक दोन, अशी सांगितली; नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती चारच्या आसपास आणली. जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून मांडलेल्या मानसिक भाराच्या सिद्धांतानुसार काही भार विषयाच्या अंगचा असतो, तर काही माहिती मांडण्याच्या पद्धतीमुळे उगाच वाढतो. एकमेकांशिवाय न कळणाऱ्या दोन गोष्टी दोन ठिकाणी ठेवल्या की लक्ष दुभंगते. संवर्धित वास्तव नेमके हेच टाळू शकते.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरात १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात इंजिनांची कामे निघतात. सिलिंडर हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने, सहसा मधून बाहेर, आवळायचे असतात. पुस्तकातल्या आकृतीत क्रमांक असतात, पण आकृती वरून काढलेली आणि फिटर इंजिनरूमच्या कोपऱ्यात उलट्या बाजूने वाकलेला. म्हणजे आकृती मनात फिरवायची, क्रमांक लक्षात धरायचा, मग पाना लावायचा. हेच आकडे प्रत्यक्ष बोल्टवर दिसले तर पहिली दोन कामे संपतात आणि उरते ते खरे काम. मात्र जुळणी चुकून आकडा शेजारच्या बोल्टवर सरकला, तर यंत्रावर विश्वास ठेवायचा की स्वतःच्या डोळ्यांवर, हा नवाच प्रश्न उभा राहतो. अशा वेळी तेलकट पुस्तक परवडले.

जुळणी नीट असली तर प्रयोगही बरेचसे संवर्धित वास्तवाच्या बाजूचे आहेत. आर्थर टँग आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ठोकळ्यांची जोडणी करायला देऊन छापील सूचना, पडद्यावरच्या सूचना आणि संवर्धित वास्तव यांची तुलना केली. त्रिमितीत वस्तूवरच दाखवलेल्या सूचनांमुळे चुका ८२ टक्क्यांनी घटल्या आणि मानसिक श्रमही कमी जाणवले. असे श्रम मोजायला सहसा सँड्रा हार्ट आणि लोवेल स्टॅव्हलँड यांची १९८८ ची ‘नासा-टीएलएक्स’ प्रश्नावली वापरतात. मानसिक ताण, शारीरिक ताण, घाई, कामगिरी, प्रयत्न आणि वैताग अशा सहा अंगांनी वापरणारा स्वतःच गुण देतो. हे गुण काम संपल्यावरचे आणि स्वतःच्या अंदाजाचे असतात. नव्या खेळण्याचे अप्रूप त्यात मिसळतेच.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. डोळ्यांसमोर खूण तरळली की लक्ष तिलाच चिकटते. नासाने १९८० मध्ये केलेल्या सिम्युलेटर-प्रयोगात समोरच्या काचेवर आकडे पाहत विमान उतरवणाऱ्या काही अनुभवी वैमानिकांना धावपट्टीवर आडवे आलेले विमान दिसलेच नाही. दुर्बिणीने शस्त्रक्रिया करणाऱ्यांवरच्या एका प्रयोगातही हेच आढळले : संवर्धित दृश्य पाहणाऱ्यांनी ठरलेले लक्ष्य अधिक अचूक गाठले, पण अनपेक्षित गोष्टी त्यांच्या नजरेतून अधिक सुटल्या.

कोकणातल्या खाडीच्या तोंडाशी हा धोका सहज कळतो. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, किनाऱ्यावरची देवळाची आणि डोंगराची खूण एका रेषेत धरून होडी आत घेतो. ती रेषा रात्री काचेवर उमटली तर सोयच. पण पावसाळ्यानंतर वाळूचा पट्टा जागा बदलतो आणि दिवा न लावलेली छोटी होडी कोणत्याच नकाशात नसते. शिवाय हलत्या होडीत उपकरणाच्या कॅमेऱ्याला केबिन स्थिर दिसते, तर हालचाल मोजणारा संवेदक हेलकावे नोंदवतो. या गोंधळात चित्र घसरते आणि पाहणाऱ्याला मळमळू शकते.

उपकरणानुसारही फरक पडतो. फोन एक हात अडवतो. आरपार दिसणारा चष्मा हात मोकळे ठेवतो, पण तो दृश्यात प्रकाशाची भरच घालू शकतो, काळोख दाखवू शकत नाही. त्यामुळे एप्रिलच्या दुपारी सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, त्यातली चित्रे फिकी पडतात. बहुतेक चष्म्यांत चित्राचे केंद्रांतरही, म्हणजे ते स्पष्ट दिसायला डोळ्यांनी ज्या अंतरावर नजर जुळवायची ते, ठरीव असते, म्हणून जवळची वस्तू आणि तिच्यावरची खूण एकाच वेळी पाहताना डोळे शिणतात. थेट वस्तूवर प्रकाश टाकणारा प्रक्षेपक या बाबतीत उजवा ठरतो, पण त्याला अंधारी, बंदिस्त जागा लागते.

कामगिरी आणि शिकणे यांत गल्लत करू नये. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या कातळशिल्पात प्रचंड हत्तीच्या आकृतीत इतर अनेक आकृत्या कोरल्या आहेत. जमिनीवर उभ्या माणसाला पूर्ण हत्ती एका नजरेत मावत नाही. तुकडे मनात जोडावे लागतात. फोनवर बाह्यरेषा उमटली तर हत्ती लगेच दिसेल, पण पाहणारा कातळाऐवजी फोनच पाहत राहील. रेषा थोडा वेळ दाखवून पुसणे आणि मग उथळ खोदकाम शोधायला लावणे अधिक शहाणपणाचे वाटते.

संशोधनातही एक ढोबळ उणीव आहे. संवर्धित वास्तवाची तुलना बरेचदा वाईट मांडलेल्या कागदाशी होते. मग विजय तंत्राचा की मांडणीचा, हे कळत नाही. खूण कुठे, कधी आणि किती वेळ दाखवावी, अशा एकाच तंत्रातल्या पर्यायांची तुलना जास्त उपयोगी पडते. त्यात वापरणाऱ्याचा अनुभवही धरावा लागतो. नवशिक्याला तारणाऱ्या सूचना जाणकाराला अडथळा होतात, हे स्लावा काल्युगा आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडले. होतकरू पोराला प्रत्येक बोल्टवर आकडा हवा. मुरलेल्या फिटरला तो बंद करण्याचे बटण हवे, आणि तेही तेलकट हातांनी दाबता येईल असे.