भूकंप मदतकार्य, चर्च-स्वयंसेवकांचे (ठाणे व नवी मुंबई)

भूकंपानंतर ठाणे शहर व नवी मुंबईतील चर्चच्या स्वयंसेवकांनी पैसा, धान्य, कपडे, भांडी व औषधे गोळा करून आपद्‌ग्रस्त भागाकडे पाठवण्याचे आणि पुढे पुनर्वसनास हातभार लावण्याचे काम. कॅथलिक धर्मग्राम (एका चर्चच्या हद्दीतील कॅथलिकांचा समुदाय), चर्च ऑफ नॉर्थ इंडिया व इतर प्रॉटेस्टंट मंडळ्या आणि केरळी परंपरेची चर्चे हे काम आपापल्या रचनेनुसार करतात. ‘मदतकार्य’ हा शब्द ढिगारा उपसण्यापासून घरे बांधून देण्यापर्यंत सगळ्यालाच लावला जातो. या नोंदीत तो मुख्यतः मागच्या फळीच्या कामाला लावला आहे, कारण ठाण्याचे स्वयंसेवक बहुधा तिथेच असतात.

मूळ : रविवारच्या उपासनेत दूरच्या आपद्‌ग्रस्तांसाठी पैसे जमवण्याचा आधार नव्या करारात आहे. यहूदियातील दुष्काळग्रस्त बांधवांसाठी अंत्युखियाच्या शिष्यांनी ऐपतीप्रमाणे मदत ठरवली आणि ती बर्णबा व शौल (म्हणजेच पौल) यांच्या हाती पाठवली, असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात म्हटले आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १६ व्या अध्यायात पौल आठवड्याच्या पहिल्या दिवशी काही रक्कम बाजूला ठेवायला सांगतो. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘वर्गणी’ हा शब्द आहे, गणपतीच्या मांडवात चालतो तोच. अंत्युखिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील अंताक्या. इ. स. ५२६ च्या भूकंपात ते जमीनदोस्त झाले. मृतांचा आकडा जुने लेखक अडीच लाखांपर्यंत नेतात, तो जपूनच घ्यावा. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात शहर पुन्हा कोसळले आणि तेथील ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चही पडले.

ठाण्यापुरते पाहिले तर या कामाची परंपरा किती जुनी मानावी हा प्रश्न उरतो. १३२१ मध्ये ठाण्यात आलेले चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू येथील नेस्टोरियन (पूर्वेकडील जुन्या सिरियाई परंपरेच्या) ख्रिस्ती कुटुंबात उतरले होते आणि येथेच मारले गेले. त्यांच्या अस्थी पुढे पोर्देनोनेच्या ओडोरिक या प्रवासी फ्रान्सिस्कनाने नेल्या. एवढ्या वृत्तांतावरून संघटित दानाविषयी काही सिद्ध होत नाही. पोर्तुगीज काळात मात्र ठोस संस्था दिसते. ‘मिसेरिकोर्दिया’ हा गृहस्थांचा दयासंघ १४९८ मध्ये लिस्बन येथे स्थापन झाला व पुढे गोवा, वसई, चौल येथे पोहोचला. भुकेल्यास अन्न देणे, उघड्यास वस्त्र देणे, आजाऱ्यास भेटणे, मृतास मूठमाती देणे इत्यादी सात शारीरिक आणि सात आध्यात्मिक दयाकृत्ये हा त्याच्या कामाचा पाया. आजच्या मदतपथकांचे मूळ त्यात शोधण्याचा मोह होतो, कारण यादी जवळपास तीच आहे. पण १७३७ मध्ये ठाणे मराठ्यांकडे आले, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांकडे गेले, आणि या उलथापालथीत पोर्तुगीज आश्रयावर उभ्या संस्थांचा धागा तुटला. त्यापेक्षा एकोणिसाव्या शतकाचा दुवा अधिक पटतो. फ्रेडरिक ओझानाम व त्याच्या सहकाऱ्यांनी १८३३ मध्ये पॅरिसला सुरू केलेली सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी पुढे भारतातही आली. धर्मग्रामातील मोजके गृहस्थ घरोघर जाऊन गरजूंना भेटतात आणि दर भेटीचा हिशेब ठेवतात, ही तिची पद्धत. आजच्या पथकांची नोंदवही आणि पावतीपुस्तक याच वळणाचे आहे.

प्रॉटेस्टंट बाजूचा इतिहास वेगळा आहे. ठाण्याचे सेंट जेम्स चर्च १८२५ मध्ये बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या हस्ते प्रतिष्ठापित झाले. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) १८८२ मध्ये मुंबईत उतरली. आपत्तिनिवारणाची आजची चौकट मात्र स्वातंत्र्यानंतरची : फाळणीच्या निर्वासितांच्या पार्श्वभूमीवर १९४७ मध्ये उभी राहिलेली ‘कासा’ ही प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चांची संस्था आणि १९६२ ची कॅथलिक ‘कॅरितास इंडिया’. १९८८ मध्ये सिरो-मलबार (केरळी परंपरेच्या) कॅथलिकांचा कल्याण धर्मप्रांत झाल्यावर ठाणे-नवी मुंबईतील केरळी कुटुंबांची वेगळी साखळी तयार झाली.

किल्लारी, १९९३ : महाराष्ट्रापुरता या कामाचा मानदंड ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारी (लातूर) भूकंप हाच आहे. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते; पहाटे चारच्या सुमारास धक्का बसला. क्षण-परिमाण (मोमेंट मॅग्निट्यूड) ६.२ व पृष्ठतरंग-परिमाण (पृष्ठभागावरील लहरींवरून काढलेले) ६.४ असे दोन आकडे आढळतात. ते परस्परविरोधी नाहीत, मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. मृतांचा आकडा ७,९२८ पासून सुमारे १०,००० पर्यंत दिला जातो. दख्खनच्या स्थिर भूखंडात असा भूकंप अपेक्षित नव्हता आणि तत्कालीन भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. निम्न तेरणा जलाशयामुळे धक्का बसला असे मत मांडले गेले, पण भूगर्भातील ताण हेच कारण मानण्याकडे बहुतेकांचा कल आहे. केंद्र उथळ होते, त्यामुळे हादरा थोड्या क्षेत्रात एकवटला.

एवढ्या मध्यम परिमाणात इतके बळी का गेले, याचे उत्तर घरांत आहे. दगड-मातीच्या जाड भिंतींत दोन्ही बाजू बांधून धरणारे लांब सांधदगड नव्हते. लाकडी खांब-तुळयांवर मातीचे जड माळवद (सपाट छप्पर) होते आणि दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती पडत गेली होती. भिंती ढासळल्या, वरून माती आली आणि झोपलेली माणसे तिच्याखाली गुदमरली. अशा ढिगाऱ्यात हवेच्या पोकळ्या उरत नाहीत. म्हणून सुटकेचा खरा अवधी तासांचा असतो आणि जी माणसे वाचतात ती शेजाऱ्यांच्या हातांनी. ठाण्याहून निघालेला ट्रक द्रुतगती महामार्ग होण्याआधीच्या त्या काळात जुन्या बोरघाटातून पुणे, सोलापूर, उमरगा असा सुमारे पाचशे किलोमीटर जाई. तो पोहोचेपर्यंत सुटकेची वेळ टळलेली असते. शहरी स्वयंसेवकाचे काम तेव्हापासून सुरू होते, हे समजून न घेतल्याने अशा कामांचे वर्णन अनेकदा उगाच शौर्यकथेसारखे केले जाते.

गोळा करणे आणि निवडणे : चर्चच्या सभागृहात काम मुख्यतः वर्गवारीचे असते. कपडे पुरुष, बायका, मुले असे वेगळे करायचे, फाटके बाजूला काढायचे, गोण्या सुतळीने शिवून वर मजकूर लिहायचा. मुदत संपलेली औषधे फेकायची. महिला मंडळ आणि तरुण संघ हे काम करतात. फादर किंवा पाळकसाहेब उपासनेनंतर आवाहन करून मोकळे होतात. गावाकडच्या वयस्क बाया नऊवारी नेसणाऱ्या आणि शहरातून येतात पंजाबी ड्रेस. खाणे ज्वारीचे आणि येते मैद्याचे बिस्कीट. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपानंतर (क्षण-परिमाण ७.७) आणि २००४ च्या त्सुनामीनंतर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. तेव्हापासून ताडपत्री, घोंगड्या, भांडी आणि रोख यांनाच पसंती द्यावी असे अनुभवी मंडळी सांगतात. ते बरोबरच आहे; रोख रक्कम सर्वांत हलकी आणि तिची वर्गवारी करावी लागत नाही. कॅथलिक धर्मग्रामांत यासाठी मिस्सेच्या वेळी दुसरी थैली फिरवतात. उपवासकाळातील कॅरितासची वार्षिक मोहीम वेगळी.

नेपाळ (२५ एप्रिल २०१५) आणि तुर्कस्तान यांसारख्या परदेशी भूकंपांत प्रत्यक्ष जाण्याचा प्रश्न सहसा येत नाही. निधी मध्यवर्ती संस्थांमार्फत जातो. नेपाळचा भूकंप शनिवारी झाला. तिथल्या मंडळ्यांची उपासना शनिवारीच असते, त्यामुळे काही ठिकाणी उपासक चर्चमध्येच सापडले.

वाद आणि नियम : दुष्काळ-भूकंपातील ख्रिस्ती मदतीमागे धर्मांतराचा हेतू असतो, असा आक्षेप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांपासून घेतला जातो. १९९४ मध्ये रेडक्रॉस चळवळ व स्वयंसेवी संस्था यांच्यासाठी तयार झालेल्या आचारसंहितेने मदत धार्मिक वा राजकीय भूमिकेच्या प्रचारासाठी वापरली जाणार नाही असे ठरवले. कॅरितास इंटरनॅशनालिस व चर्चांची जागतिक परिषद तिच्या पुरस्कर्त्यांत होत्या. पैशावर २०१० च्या परकीय निधी नियमन कायद्याचे बंधन आहे. २०२० च्या दुरुस्तीने मिळालेला परकीय निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास मनाई झाली. थैलीत पडणाऱ्या स्थानिक नोटांचे महत्त्व त्यामुळे वाढले.

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्याचा पुनर्वसन कार्यक्रम आला आणि ५२ गावे नव्या जागी हलवली गेली. दात्या संस्थांनी गावे दत्तक घेण्याची पद्धत तेव्हा रुळली. नव्या वसाहतींचे रस्ते सरळ व रुंद. जुन्या आळीतली घरे मात्र लांब लांब विखुरली, आणि गावकऱ्यांची ती तक्रार राहिली.

स्थानिक धोका : ठाणे व नवी मुंबई भारतीय मानकाच्या २००२ च्या नकाशात तिसऱ्या (मध्यम धोक्याच्या) विभागात होते. नोव्हेंबर २०१८ पासून पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) डहाणू-तलासरी पट्ट्यात लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. घरात झोपायला घाबरलेल्या लोकांसाठी तिथे तंबू उभारले गेले. ठाण्यात महापालिकेचे स्वतःचे आपत्ती प्रतिसाद दल आहे आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे येथे असते. मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च सोळाव्या शतकापर्यंत मागे नेले जाते. अशा जुन्या दगडी वास्तूंच्या आवारात गोण्या भरल्या जातात, आणि मोठ्या धक्क्यात पहिली तपासणी त्यांच्याच भिंतींची करावी लागेल.